गृहीत धरलेली पंधरा मिनिटं

रविवार, ८ जानेवारी

गुरुजींनी फर्मान काढलंय की आजपासून वही ठेवायची. जो निर्णय घेशील तो लिही, त्याचं कारण लिही आणि दुसरा कोणता पर्याय होता, तो का सोडलास तेही लिही. मी म्हटलं, आराखड्याच्या दोनशे बारा पानांत सगळं आहे की. तर म्हणाले, "पानांत तू काय केलंस ते आहे. का केलंस ते तुझ्या डोक्यात आहे, आणि तुझं डोकं ऐन वेळेला दगा देतं."

खोटं कसं म्हणू? मागच्या वर्षी माझा आराखडा छाननीतूनच परत आला होता.

वहीला आधी ओळख करून द्यायला हवी. मी, वय सेहेचाळीस, रुग्णालयांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या कंपनीत नोकरीला. गुरुजी माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत आणि शिकवत वगैरे कुठेच नाहीत. व्हर्च्युअलायझेशनचे आराखडे करणाऱ्यांसाठी जे सगळ्यांत वरचं प्रमाणपत्र असतं, ते मिळवलेला माझ्या ओळखीतला हा एकटाच माणूस, म्हणून गुरुजी. हे प्रमाणपत्र लेखी परीक्षा देऊन मिळत नाही. खऱ्या कामाचा आराखडा करायचा आणि तीन परीक्षकांपुढे उभं राहून त्याचा बचाव करायचा. आरोपी करतो तसा.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे काय हे ताईला परवा समजावून सांगितलं. म्हटलं, एका दणकट मशीनच्या पोटात पन्नास मशीनं नांदवायची, आणि प्रत्येकीला वाटलं पाहिजे की हे घर आपल्या एकटीचं आहे. ताई म्हणाली, "म्हणजे एकत्र कुटुंबच की. आईने ते काही न शिकता चालवलं. त्याला परीक्षा कशाला?"

परीक्षा कशाला, तर हिच्यासाठी. ही म्हणजे माझी बायको. दोन वर्षांपूर्वी ती कर्णबधिर मुलांच्या शाळेची मुख्याध्यापिका होऊन दुसऱ्या शहरात गेली, ठकीला बरोबर घेऊन. ठकी आमची मुलगी, नऊ वर्षांची. रेल्वेने इथून नऊ तास. आमच्या कंपनीचं मुख्य कार्यालय त्याच शहरात आहे, पण तिथे आराखडे करायला घेतात ते प्रमाणपत्रवाल्यांनाच. स्टेशनवर मी हिला म्हटलं होतं, सहा महिने दे, प्रमाणपत्र घेतो आणि येतो. त्या सहा महिन्यांची दोन वर्षं झाली.

तर गुरुजींच्या पद्धतीने पहिली नोंद. निर्णय: प्रमाणपत्र मिळवायचं आणि मगच तिकडे जायचं. कारण: वर दिलं आहे. पर्याय: दिसत नाही.

रविवार, १५ जानेवारी

रविवारी अकराला हिचा व्हिडिओ कॉल असतो. मी साडेदहापासून दाढी करून बसतो. ठकीने पडलेला दात कॅमेऱ्याला चिकटवून दाखवला. मग तिला मैत्रीण हाक मारायला आली, आणि आम्ही दोघं उरलो.

ही म्हणाली, त्यांच्या शाळेजवळच्या डेंटल कॉलेजात सर्व्हर बघायला माणूस हवाय, जाहिरात आली आहे. मी म्हटलं, ऑफिसातल्या पोरांना सांगून ठेवतो, दोघंतिघं नोकरी शोधतायत. ती म्हणाली, "मी पोरांसाठी नाही सांगत आहे." मग कुणासाठी, ते विचारायचं राहून गेलं, कारण तितक्यात मला आठवलं की आराखड्याचं चौथं प्रकरण पूर्ण झाल्याचं तिला सांगायचंय. ते सविस्तर सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

हिचा हा गुण मोठा आहे. स्टोरेजच्या भानगडी ऐकून भल्याभल्यांच्या डोळ्यांवर झापड येते.

गुरुवार, २ फेब्रुवारी

गुरुजींनी आज माझी हजामत केली. त्यांच्या मते आराखडा चार शब्दांवर उभा असतो: गरजा, मर्यादा, गृहीतं, धोके. गरज म्हणजे ज्याचं काम आहे त्याने तोंडाने सांगितलेली गोष्ट. गृहीत म्हणजे जे कुणीच सांगितलेलं नाही, पण आपण खरं मानून चाललोय ते. गृहीतं असायला हरकत नाही, फक्त ती गृहीतं म्हणूनच लिहायची आणि एकेक करून विचारून घ्यायची.

माझ्या आराखड्यात एकतीस गरजा आणि सहा गृहीतं आहेत. गुरुजी म्हणाले, "सहाच? माणूस आहेस की देव?"

मला मनातून बरंच वाटलं. मी काही हवेत इमले बांधत नाही. डोळ्यांच्या रुग्णालयाचे एकसष्ट जुने सर्व्हर आठ मशीनांत बसवायचे, हा माझा आराखडा. दीड वर्ष त्या रुग्णालयात जातोय, तिथल्या वायर न् वायरची मला ओळख आहे. पहिल्या क्रमांकाची गरज: काहीही बंद पडलं तर पंधरा मिनिटांत पुन्हा सुरू झालं पाहिजे. सगळा आराखडा या पंधरा मिनिटांभोवती रचलाय. गुरुजींनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "पंधरा?" मी म्हटलं, "डोळ्यांचं रुग्णालय आहे, माणूस टेबलावर असतो." ते "बरं" म्हणाले आणि पान उलटलं.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज फोन नाही. शाळेची सहल आहे, हिने कालच कळवलं होतं. तरी साडेदहाला दाढी केली.

घर दोन खोल्यांचं, पण ही गेल्यापासून मला ते संपत नाही. जेवायच्या टेबलावर आराखडा पसरलाय, म्हणून मी ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो. टेबलाची खिडकीकडची खुर्ची हिची. सकाळी तिथे बसून ती पेपर वाचायची, आवाज न करता पण ओठ हलवत. शाळेतल्या मुलांना तिचे ओठ स्पष्ट दिसायला हवेत, त्यामुळे ती सवयच लागली होती. मी चहा गाळता गाळता तिच्याकडे बघत बसायचो. एक शब्द कळायचा नाही, पण बातमी चांगली की वाईट ते समजायचं. फोनवर आवाज तुटला की ती अजूनही नुसत्या ओठांनी बोलते आणि मी बावळटासारखा "काय? काय?" करत राहतो. मागच्या महिन्यात म्हणाली, "वीस वर्षं झाली, तुला अजून माझे ओठ वाचता येत नाहीत."

मला तिची फार आठवण येते. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते गुरुजींनी सांगितलेलं नाही.

शुक्रवार, ३ मार्च

आराखडा स्वीकारला! छाननी पार! बचाव २० एप्रिलला. ऑफिसात ओरडलोच, सगळे बघायला लागले. हिला फोन लावला तर वर्गात होती. दुपारी निरोप आला: "अभिनंदन. ठकीला सांगते." सात वेळा वाचला. घाईत असणार, नाहीतर ही तीन शब्दांवर थांबणारी बाई नव्हे.

रविवार, १२ मार्च

ठकीचा दहावा वाढदिवस २५ तारखेला, शनिवारी. नेमका त्याच दिवशी गुरुजींनी सराव ठेवलाय. आणखी दोघं जाणकार परीक्षक म्हणून बसणार आहेत, त्यांना पुन्हा वेळ नाही. खूप विचार केला.

निर्णय: वाढदिवसाला न जाणे. कारण: सराव. पर्याय: जाणे. तो का सोडला: महिन्याभरात कायमचंच जायचंय, मग दोन दिवसांसाठी धावाधाव कशाला?

हिला हे सगळं नीट पटवून सांगायची तयारी करून बसलो होतो, मुद्दे कागदावर काढले होते. पण ती फक्त "बरं" म्हणाली. वाद नाही, चिडणं नाही. एवढी समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं. ठकी थोडी फुगली, पण लगेच सावरली. म्हणाली, "बाबा, आईने कपाटातला तुझा कप्पा मला दिला. मी त्यात रंग ठेवलेत." म्हटलं, शाब्बास, वस्तू जागच्या जागी हव्यात.

रविवार, २६ मार्च

सराव उत्तम झाला. तिघांनी मिळून नाकी नऊ आणले, पण मी हटलो नाही.

दुपारी ताई येऊन गेली. म्हणाली, काल ठकीला फोन केला तेव्हा ती केक न कापता थांबली होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की बाबा अचानक येऊन चकित करतात, सिनेमात तसं असतं. आपली सहा वाजेपर्यंत दाराकडे बघत बसली. "गाडीत बसून गेला असतास तर तुझी परीक्षा काय पळून गेली असती?" मी चिडलो. म्हटलं, हे सगळं मी त्यांच्यासाठीच करतोय. ताई म्हणाली, "हो का?" आणि पिशवी उचलून गेली.

ताईला या क्षेत्रातलं काही कळत नाही. पण दाराकडे बघत बसलेली ठकी रात्रीपर्यंत डोळ्यांपुढून हलली नाही.

गुरुवार, २० एप्रिल

हॉटेलच्या खोलीत बसून लिहितोय. बचाव झाला. जसं झालं तसं लिहितो.

खालच्या मजल्यावर बैठकीची खोली, लांब टेबल, पलीकडे तिघं. दोन पुरुष, आणि मध्ये एक बाई, चष्म्याला दोरी बांधलेल्या. पहिली चाळीस मिनिटं मी अक्षरशः रंगात होतो. फळ्यावर आकृत्या काढल्या, आठ मशीनांतलं एक बंद पाडून दाखवलं, दोन बंद पाडून दाखवली. पुरुषांपैकी एकाने मान डोलावली. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं होतं.

मग बाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

"ही पंधरा मिनिटांची गरज. कुणाची आहे?"

"रुग्णालयाची."

"रुग्णालय म्हणजे इमारत. इमारत बोलत नाही. कुणी सांगितली?"

मी म्हटलं, "डोळ्यांचं रुग्णालय आहे, शस्त्रक्रिया चालू असते..."

"ते मला कळलं. मी विचारते आहे, कुणी सांगितली? कोणत्या बैठकीत? तुमच्याकडे टिपण असेल ना?"

मी पानं चाळली. खरंच वाटत होतं की सापडेल. तीस गरजांपुढे नाव आणि तारीख होती. पहिलीपुढे नव्हती. दीड वर्षात माझी कधी नजरच गेली नव्हती तिथे. ती गोष्ट मला इतकी उघड वाटत होती की कुणी सांगावी लागेल हेच सुचलं नव्हतं.

"म्हणजे ही गरज नाही," बाई म्हणाल्या. "हे तुमचं गृहीत आहे. तुम्ही ते गरजांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर लिहिलंत आणि सगळी इमारत त्याच्यावर उभी केलीत."

आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच लागलं. मी म्हटलं, पण ते खरं असू शकतं. त्या म्हणाल्या, "असू शकतं. तुम्ही विचारलंत का?"

पुढचा तासभर मी काय बोललो ते मला आठवत नाही.

शुक्रवार, २८ एप्रिल

नापास. पुन्हा बसायला सहा महिन्यांनी मुभा. हिला निरोप पाठवला. उत्तर आलं: "वाईट वाटलं. तब्येत सांभाळ." मी विचार करत होतो की आता आणखी सहा महिने द्यावे लागतील, हे तिला कसं सांगायचं. तिने ते विचारलंच नाही.

मंगळवार, ९ मे

रुग्णालयात गेलो. काम नव्हतं. पंधरा मिनिटं खरी आहेत हे सिद्ध करायचंय, म्हणजे सहा महिन्यांनी त्या बाईंपुढे नाव आणि तारीख ठेवता येईल, असा हिशेब. थेट मोठ्या डॉक्टरबाईंना गाठलं. त्या दोन पेशंटांच्या मध्ये हात धूत होत्या. विचारलं, सर्व्हर बंद पडला तर तुम्ही किती वेळ थांबू शकता?

त्या म्हणाल्या, "अर्धा दिवस. कागदावर लिहितो आम्ही, पूर्वी लिहायचो तसंच."

मी म्हटलं, पण शस्त्रक्रिया चालू असेल तर?

त्या हसायला लागल्या. "अहो, शस्त्रक्रिया चालू असताना तुमच्या सर्व्हरकडे कोण बघतं? आम्ही डोळ्यात बघतो." मग हात पुसत म्हणाल्या, "घाई कसलीच नाही हो. फक्त काही हरवायला नको. डोळ्याच्या पडद्याचे जुने फोटो गेले तर मी आंधळी. पेशंटची नजर किती गेली हे आजच्या फोटोवरून नाही कळत, मागच्या वर्षीचा शेजारी ठेवावा लागतो. गेलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, कारण तो डोळाच आता तसा राहिलेला नसतो."

माझ्या आराखड्यात फोटोंची राखीव प्रत आठवड्यातून एकदाच निघते. वेग गाठायचा म्हणून मीच ती मागे ढकलली होती.

म्हटलं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी विचारलं नाहीत. दीड वर्ष येता, वायरी बघता, मान हलवता आणि जाता. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

बुधवार, १० मे

ऑफिसला गेलो नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

वही पहिल्यापासून वाचली. निर्णय: प्रमाणपत्र मिळवायचं आणि मगच तिकडे जायचं. त्या परीक्षक बाई डोक्यातून जात नव्हत्या. ही गरज कुणाची? कुणी सांगितली? कोणत्या दिवशी?

आठवायला लागलो. स्टेशनवरचं आठवलं: सहा महिने दे, हे मी म्हटलं होतं. ती काय म्हणाली होती? ती म्हणाली होती, "इतकं सामान मी एकटी कशी उतरवू?" मी हमाल ठरवून दिला होता. त्यानंतरच्या शंभरेक रविवारांपैकी जेवढे आठवले तेवढे धुंडाळले. प्रमाणपत्र आण, असं ती एकदाही म्हणालेली नाही. मुख्य कार्यालयातच नोकरी हवी, असं नाही. मोठा होऊन ये, असं नाही. हे सगळं मी बोललो, मीच ऐकलं, आणि तिच्या नावावर लिहून टाकलं. डेंटल कॉलेजच्या जाहिरातीची नोंद वाचताना तर कपाळावर हात मारून घेतला. जानेवारीत लिहिलेली ओळ मला मे महिन्यात कळली.

मग तिला काय हवं होतं? मला माहीत नाही. हे लिहायला फार जड जातंय, पण वीस वर्षांच्या संसारानंतर मला खरंच माहीत नाही.

गुरुवार, ११ मे

रविवारची वाट बघवली नाही. शाळेची मधली सुट्टी साडेबाराला असते, तेव्हा फोन लावला. साधाच, व्हिडिओ नाही. ती घाबरली. "काय झालं? बरा आहेस ना?" मी आडवारी फोन केला म्हणजे कुणीतरी आजारी असणार, अशी आमची रीत होऊन बसली आहे.

म्हटलं, बरा आहे. एक विचारायचंय. मी तिकडे यावं असं तुला वाटतं का? प्रमाणपत्र नाही, मुख्य कार्यालय नाही. असाच. नोकरी तिथे येऊन शोधेन, मिळेल ती करीन.

फोन तुटला असं वाटून मी दोनदा "हॅलो" म्हटलं.

"आहे मी," ती म्हणाली. "हे तू पहिल्यांदा विचारतोयस."

"हो."

"दोन वर्षांत पहिल्यांदा. तू नेहमी सांगतोस. कधी येणार ते सांगतोस, का येता येत नाही ते सांगतोस. विचारत कधीच नाहीस."

मी म्हटलं, मला तुझी फार आठवण येते. रोज येते. हेसुद्धा मी कधी सांगितलं नाही, तुला ते माहीत असेल असं धरून चाललो होतो.

"नव्हतं माहीत," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी विचारलं असतंस ना, तर मी विचारसुद्धा केला नसता. स्टेशनवर घ्यायला आले असते."

"आणि आता?"

"आता मला विचार करावा लागेल. रागावले नाहीये मी, खरंच नाही. रागवायचं होतं तेव्हा रागावून झालं. पण ठकीची आणि माझी एक घडी बसली आहे रे. तू नाहीस असं धरून बसवली आहे मी ती, फार त्रासाने. तू आलास की ती मोडेल. मोडावी की नाही हे मला माझं ठरवू दे."

माझ्या तोंडावर आलं होतं, तू काळजी करू नकोस, सगळं नीट होईल, मी बघतो. गिळलं. म्हटलं, ठरव. जे ठरवशील ते सांग.

"रविवारी सांगते," ती म्हणाली आणि सुट्टी संपली म्हणून फोन ठेवला.

वही उघडून बसलोय. गृहीत म्हणून लिहिलं, "ती हो म्हणेल," आणि खोडलं. मग "ती नाही म्हणेल" असं लिहिलं, तेही खोडलं. मला काय हवंय ते मात्र पहिल्यांदाच नीट माहीत आहे: ती जिथे पेपर वाचत बसते त्या घरात मला चहा गाळायचाय. आणखी काही नको.

रविवारी सांगते म्हणाली. आज गुरुवार आहे.